वाचले, समजले

"चोपन्न," नीलाक्षी वाघमोडे म्हणाली आणि थर्मामीटरची तार ट्यूबमधून काढून पुसायला लागली. आनंदाने सांगितलं असतं तर मी सहन केलं असतं. तिने ते किती वाजले हे सांगावं तसं सांगितलं.

मग लेसरखाली माझी ट्यूब गेली. पाच मिनिटं मी त्या आकड्यांकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसा बघत होतो. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. तिथे आकडा बसला. बसला म्हणजे मांडी घालून बसला.

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

"वाईट नाहीत," नीलाक्षी म्हणाली.

माणसाला दोन शब्दांत पुरून वर माती लोटता येते, हे मला त्या शनिवारी कळलं.

याला आता अकरा वर्षं झाली. नीलाक्षी आणि मी, दोघंही मेढेकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो आणि दोघंही सोन्याच्या कांड्या बनवत होतो. कांड्या म्हणजे केसाच्या जाडीत हजारभर सहज शेजारी शेजारी झोपतील एवढ्या. माझ्या आईने गावात मुलगा सोन्याच्या कामात आहे असं सांगून ठेवलं होतं, त्यावर मला दोन स्थळंही आली होती. प्रत्यक्षात माझं वर्षाचं सोनं चमचाभर पाण्याला रंग आणण्यापुरतं होतं.

कांड्यांचं काम एकच, तापणं. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो. तो कातडीतून आणि मांसातून काही अंतर फारसा काही न तापवता आत जातो. वाटेत सोन्याची कांडी भेटली की ती तो पिऊन टाकते आणि तापते. ती कांडी कर्करोगाच्या पेशीत जाऊन बसलेली असेल तर ती पेशी जागच्या जागी शिजते आणि शेजारची शाबूत राहते. इडलीपात्रातली एकच इडली शिजवायची आणि बाकीच्यांना वाफही लागू द्यायची नाही, असा तो उद्योग होता.

तिसरा आमच्यातला इरफान मुल्ला. तो कांड्या करत नसे, पेशी सांभाळत असे. काचेच्या दाराआड उबेत ठेवलेल्या त्या कर्करोगाच्या पेशींना तो वेळेवर खाऊपिऊ घालायचा, रविवारीही येऊन बघून जायचा, आणि मग आम्ही त्या मारायचो. याबद्दल तो आमच्याशी थोडा तुटक वागे.

मेढेकर सरांच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिली, चिक्की. सरांच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा असायचा. कुणाचा निकाल मनासारखा आला की सर त्याला खोलीत बोलावून एक वडी देत. दोन वर्षांत मला एक मिळाली होती, तीही नीलाक्षी बहिणीच्या लग्नाला गेली होती तेव्हा. दुसरी गोष्ट, वही. रोजचं काम वहीत लिहायचं. पानांना आकडे घातलेले. पान फाडायचं नाही, खोडरबर लावायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं, आद्याक्षरं आणि तारीख घालायची. आणि पानाच्या तळाशी दुसऱ्या कुणीतरी 'वाचले, समजले' असं लिहून सही करायची. त्या सहीशिवायचं पान सरांच्या लेखी कोरं.

अर्थात वाचत कुणीच नसे. इरफानने एकदा माझ्या कोऱ्या पानावरही 'वाचले, समजले' केलं होतं. वाचणारी एकटी नीलाक्षी. म्हणून मी तिला वही कधी देत नव्हतो, कारण माझ्या वहीत कामाखेरीज इतर निरीक्षणंही असत.

तर त्या शनिवारी सरांनी सांगितलं की मुंबईच्या एका संस्थेत उंदरांवर हे करून बघायची परवानगी मिळाली आहे, सहा महिन्यांसाठी, जागा एक. मी नीलाक्षीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. कुंपणापलीकडे गुऱ्हाळ होतं, आणि हंगाम असल्यामुळे आमच्या सगळ्या प्रयोगांना गुळाचा वास होता.

"दोघांनी एकेक ट्यूब द्या," सर म्हणाले. "इरफान दोन्ही एकाच प्लेटमध्ये पेशींवर घालेल. ज्याच्या कांड्या काम करतील तो जाईल. मी मधे पडणार नाही."

दोघांच्या कांड्या एकाच कृतीने, शुक्रवारीच केलेल्या. दोघांच्या ट्यूब सारख्या, आतलं पाणीही सारखंच, पातळ कोकम सरबतासारखं. उजेड लागू नये म्हणून दोन्हींना फॉइल गुंडाळलं, झाकणांवर नावं लिहिली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिल्या. नाव ट्यूबवर लिहायचं, झाकणावर नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं. झाकणावर लिहितात ते सगळेच, कारण फॉइलवर पेन चालत नाही.

रविवारभर मी चोपन्न या आकड्याबरोबर राहिलो. वरणभात खाताना तो समोर बसलेला होता.

सोमवारी दुपारी नवा गूळ निघाला म्हणून सगळे गुऱ्हाळावर गेले. मला पोटात कसंतरी होत असल्याचं मी सांगितलं. सगळे गेल्यावर फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात फॉइलची एक छोटी पुडी आडवी आली, ती मागे सारली. त्यामागे दोन ट्यूब होत्या. डावं झाकण उजवीकडे, उजवं डावीकडे. एवढ्या वेळात माणसाची नीट शिंकही होत नाही. आता तिचे चोपन्न अंश माझ्या नावाखाली होते आणि माझे एकोणपन्नास तिच्या.

अपराधी वाटलं का? वाटलं. पण तेही मोजलं असतं तर एकोणपन्नासच भरलं असतं.

बुधवारी सकाळी इरफान प्लेट घेऊन आला. त्याच्या तोंडावरून कुणीतरी जवळचं गेलंय असं वाटत होतं, पण ते त्याचं नेहमीचंच होतं. हाताच्या पंजाएवढ्या त्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात. वरच्या निम्म्या खळग्यांत नीलाक्षीच्या नावाच्या ट्यूबमधल्या कांड्या, खालच्या निम्म्यांत माझ्या नावाच्या. दोन्हींच्या डाव्या अर्ध्या भागावर लेसर मारलेला, उजवा अर्धा या वेळी पहिल्यांदाच तसाच अंधारात ठेवलेला. शेवटी एक पिवळं द्रव्य घालतात. पेशी जिवंत असल्या की त्या ते जांभळं करतात. मेलेल्या असल्या की पिवळ्याचं पिवळंच राहतं.

"हे नीलाक्षीचं," इरफानने बोट ठेवलं.

डावी बाजू पिवळी, उजवी पिकल्या जांभळासारखी जांभळी. मधे इतकी सरळ सीमा की शाळेत पट्टी धरून मारलेली वाटावी. जिथे उजेड पडला तिथे सगळ्या मेल्या, जिथे नाही तिथे एकीच्याही केसाला धक्का नाही.

"आणि हे दिगूचं."

माझा भाग डावीकडून उजवीकडे पिवळा होता. हळदी समारंभासारखा.

"लेसर नव्हता तिकडेही?" सरांनी विचारलं.

"नव्हता, सर. अंधारातच गेल्या," इरफान म्हणाला, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाला, "अख्खी वस्ती उठवलीस की रे."

सरांनी प्लेट उजेडात धरली. "मग हे औषध नाही, ढोबळे. हे नुसतं विष आहे."

त्यांनी चिक्कीचा डबा उघडला आणि नीलाक्षीपुढे धरला.

मला समजायला काही क्षण लागले. वरच्या भागातल्या कांड्या माझ्या होत्या. ती पट्टीने मारल्यासारखी सीमा माझी होती. खालचं विष तिचं होतं, आणि ते मी दोन सेकंदांत, पोट बिघडल्याचं सांगून, माझ्या नावावर करून घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या पुढे गेलो होतो आणि ते माहीत असलेला मी एकटा होतो. मला आधी आनंद झाला. मग तो कुणालाच सांगता येणार नाही हे लक्षात आलं. त्यानंतर आनंदाने जे काय केलं त्याला आनंद म्हणत नाहीत.

ट्यूबमध्ये थेंबही उरला नव्हता, त्यामुळे मुंबईला न्यायला नीलाक्षीने नवा घाणा केला. एका वेळच्या कांड्यांना आम्ही घाणा म्हणत असू, भज्यांसारखं. इरफानने तो पेशींवर घालून बघितला. प्लेट पूर्ण पिवळी. तिने पुन्हा केला. पुन्हा पिवळी. तिने पाणी बदललं, भांडी बदलली, जेवणाची वेळ बदलली. तिसराही घाणा फसला. मी रोज सकाळी त्या पिवळ्या प्लेटा बघायला जायचो, जशी माणसं सकाळी फिरायला जातात.

बिघडलं ते फोटोमुळे. सरांनी त्या पहिल्या प्लेटचा वरचा भाग मोठा छापून नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिलं, 'कांड्या : नी. वाघमोडे'. पाण्याच्या फिल्टरकडे जायची वाट तिथूनच होती. मी पाणी पिणं सोडून बघितलं, ते दीड दिवस जमलं.

पुढे मी जे केलं ते प्रामाणिकपणातून केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी सरांच्या खोलीत शिरलो तो 'ती सीमा माझी आहे' एवढंच डोक्यात घेऊन. नीलाक्षी आणि इरफान आतच होते.

"सर, त्या दोन ट्यूबची झाकणं मी बदलली होती," मी म्हणालो. "जिंकली ती माझी ट्यूब."

सरांनी चष्मा काढला. "आणि हरली ती?"

"नीलाक्षीची."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग सर म्हणाले, "ढोबळे, तू तिच्यावर जळतोस हे मी दोन वर्षं बघतोय. पण या थराला जाशील असं वाटलं नव्हतं."

"त्या थराला सोमवारीच गेलो होतो, सर. हा त्याच्या नंतरचा थर आहे."

इरफानने मला बाहेर नेलं आणि समजुतीच्या सुरात विचारलं की माणूस लबाडी करतो ती जिंकायला, हरायला कोण लबाडी करतो.  याला उत्तर होतं, पण ते मीच होतो.

सरांनी एक संधी दिली. खरं बोलतोयस ना, मग तसाच घाणा पुन्हा करून दाखव. मी केला. कृतीत लिहिल्याप्रमाणे, थेंब न थेंब मोजून. प्लेट पूर्ण पिवळी. सरांनी मला दोन दिवस गावी जाऊन यायला सांगितलं, अगदी मायेने, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

मी गावी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाजवळ नीलाक्षी येऊन उभी राहिली. तिचे डोळे तीन घाणे फसलेल्या माणसाचे होते.

"झाकणं खरंच बदललीस?"

"हो."

"कधी?"

"तुम्ही गुऱ्हाळावर होता तेव्हा."

तिने ते तपासल्यासारखं केलं. "तुझ्यावर माझा विश्वास नाही," ती म्हणाली. "पण माझ्या हातून आता एकदाही होत नाहीये, म्हणजे ते तेव्हाही झालेलं नसणार. वही दे."

"कोणती?"

"त्या शुक्रवारची. पान दे."

मी म्हणालो, त्यात काही नाही, कृती आपली नेहमीचीच आहे. ती म्हणाली, मग द्यायला काय जातं. माझा हात वहीवर होता आणि तो उचलला जात नव्हता. वही दिली नाही तर मी जन्मभर खोटारडा. दिली तर पान ८३ तिच्या हातात. पान फाडता येत नव्हतं, आकडा घातलेला होता. आणि तळाशी सहीची जागा रिकामी होती, कारण ते पान मी इरफानलाही दिलं नव्हतं.

मी हात उचलला.

तिने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. वरचा भाग कामाचा होता, तो तिने नजरेनेच संपवला. मग ती थांबली, आणि बाजारातली यादी वाचावी तसं मोठ्याने वाचायला लागली.

"दोन दहा. फिरायला ठेवलं. नी. सरांच्या खोलीत. दोन पस्तीस. पुन्हा ठेवलं. नी. हसली. सरही हसले. तीन वाजता. पुन्हा ठेवलं. सरांनी तिला चिक्की दिली. अख्खी." तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "अख्खीच्या खाली दोन रेघा आहेत."

ती पुढच्या ओळीवर गेली.

"तीन पंचवीस. पुन्हा ठेवलं. नी. अजून आतच. तीन पन्नास. पुन्हा ठेवलं. नी. बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही." ती थांबली. "हे फिरायला ठेवलं, ठेवलं, काय आहे?"

ते सांगणं भाग होतं. कांड्या धुवायच्या म्हणजे सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात ट्यूब गरागरा फिरवायची. वीस मिनिटांत सोनं तळाशी बसतं, वरचं पाणी फेकायचं, नवीन घालायचं. ते यंत्र सरांच्या खोलीच्या काचेसमोर होतं. आतलं दिसेल अशी तीच एक जागा.

"मला बघायला तिथे उभा होतास," नीलाक्षी म्हणाली, "आणि उगीच उभा दिसू नये म्हणून कांड्या धूत होतास."

"हो."

"किती वेळा धुतल्यास?"

"कृतीत दोनदाच..."

"कृती सोड."

मी खरंच कधी मोजलं नव्हतं. त्या फेऱ्या मी प्रयोगात धरल्याच नव्हत्या. त्या उभं राहण्यासाठी होत्या. तिने एकेका नोंदीवर बोट ठेवलं. खोलीत जाणं, हसणं, चिक्की, आतच असणं, न बघणं.

"पाच," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "साबण."

तिला कळलं तेव्हा मलाही कळलं. कांड्या वाढतात त्या साबणासारख्या एका द्रव्यात, त्याशिवाय त्या कांड्या होतच नाहीत, गोळ्या होतात. पण तेच द्रव्य पेशींना मारतं, उजेडबिजेड न बघता. दोनदा धुऊन ते पूर्ण जात नव्हतं. पाचदा धुऊन गेलं होतं. दर धुण्यात थोडं सोनंही वाहून गेलं, म्हणून तिचे चोपन्न आणि माझे एकोणपन्नास. आणि कॅन्सरची पेशी मारायला एकोणपन्नास पुरले होते.

वही बगलेत मारून ती यंत्राकडे गेली. पाचदा धुतलेल्या घाण्याची प्लेट दोन दिवसांनी आली. डावीकडे पिवळी, उजवीकडे जांभळी, मधे पट्टी.

ती प्लेट एका हातात आणि माझी वही दुसऱ्या हातात घेऊन ती माझ्यासमोर बसली.

"आता असं आहे," ती म्हणाली. "वही मी सरांना दाखवली नाही, तर पाच वेळा धुऊन मुंबईला जाईन. कुणी काही विचारणार नाही. तू खोटारडा राहशील. दाखवली तर तू खरा ठरशील. पण मग सर हे पान वाचतील. चिक्कीसकट."

मी विचार केल्यासारखं केलं. खरं म्हणजे तो फोटो माझ्या डोळ्यांसमोर होता.

"दाखव," मी म्हणालो.

"साक्ष नाहीये त्यावर. सर बघणार नाहीत." तिने माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि पानावर वाकली. सहीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती वाकलेली होती. मग वही मिटून ती सरांच्या खोलीत गेली. मी काचेसमोर जाऊन उभा राहिलो. यंत्र बंद होतं. हातात काही नव्हतं. तरी उभा राहिलो.

सरांनी पान वाचलं. एकदा हसले, कुठे ते मला ठरवता आलं नाही. मग दार उघडून म्हणाले, "मुंबईला वाघमोडे जाईल. तू सहा महिने सगळ्यांची भांडी धुशील. धुण्यात तुझा हात चांगला आहे." वही त्यांनी कपाटात घालून कुलूप लावलं.

नीलाक्षी गेली. उंदरांनी बऱ्यापैकी साथ दिली. शोधनिबंधावर तिचं नाव पहिलं आणि माझं दुसरं आलं. ते योग्यच होतं. मला ते अजून पटलेलं नाही. भिंतीवरच्या कृतीत 'पाच वेळा धुणे' अशी ओळ वाढली, आणि पाचच का, हे नंतर आलेल्या कुणीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी मेढेकर सर निवृत्त झाले, त्यांचं कपाट रिकामं केलं, आणि इरफानने माझी वही मला कुरिअरने पाठवली. वर चिठ्ठी होती, 'या वेळी खरंच वाचली.' मी पान ८३ उघडलं.

तीन वाजताच्या नोंदीत 'अख्खी' या शब्दावर नियमाप्रमाणे एकच रेघ मारलेली होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'अर्धी. उरलेली अर्धी तुझ्यासाठी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. मंगळवारी बघितली तर तशीच, मागे सारलेली.' शेजारी आद्याक्षरं आणि तारीख.

आणि तळाशी, रिकाम्या जागेत : वाचले, समजले. नी. वाघमोडे.